कोव्हेंट्रीचा पाळणा ते डंगवर्थचा पब : जुन्या कॅरल्सच्या मागे चार दिवस

मला जुनी कॅरल्स, म्हणजे इंग्लंडातली ख्रिसमसची गाणी, आवडतात हे घरी-दारी सगळ्यांना माहीत आहे, पण 'जुनी' म्हणजे कुठली हे सांगायची वेळ आली की समोरचा गोंधळतो. डिसेंबरात दुकानांमधून वाजतात ती आठ-दहा गाणी नाहीत. मी म्हणते ती गाणी इंग्लंडमधल्याही कितीतरी लोकांनी कधी ऐकलेली नसतात, एका खोऱ्यात गातात आणि टेकडीपलीकडच्या गावात वेगळीच गातात. बारा-तेरा वर्षांपूर्वी नेटवर एक रेकॉर्डिंग सापडलं होतं, शेफील्डजवळच्या कुठल्यातरी पबमध्ये पन्नास-साठ माणसं एकत्र गातायत, रेकॉर्डिंग इतकं खराब की ग्लासांचा खणखणाट गाण्याच्या वर येत होता, आणि तरीही मी ते त्या रात्री सात-आठ वेळा ऐकलं. तेव्हाच ठरवलं की एकदा तिथे जाऊन उभं राहायचं. या डिसेंबरात ते घडलं.

सोबत आई होती. वय ६८, तीस वर्षं भजनी मंडळात गाणारी, इंग्रजी कामापुरतं. मामेबहीण लेस्टरला राहते, तिच्याकडे आधी आठवडाभर होतो, त्यामुळे व्हिसा आणि विमानाचं पुराण इथे लावत नाही. शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस फक्त गाण्यांसाठी काढले होते, ते सांगते.

दिवस पहिला, शुक्रवार : कोव्हेंट्री

बहिणीने सकाळी गाडीने सोडलं. आभाळ भरलेलं आणि बारीक पाऊस, छत्री उघडावी तर थांबतो आणि मिटावी तर येतो असला. कोव्हेंट्रीच्या जुन्या कॅथीड्रलला छप्पर नाही. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत ते जळालं आणि नंतर मुद्दाम तसंच ठेवलं. बाहेरच्या भिंती उभ्या आहेत, खिडक्यांच्या दगडी नक्षीत काच नाही, आणि खाली फरशीवर पावसाचं पाणी साचलेलं. वेदीमागच्या भिंतीवर दोनच शब्द कोरलेत, 'फादर फरगिव्ह'. 'त्यांना' क्षमा कर असं नाही लिहिलेलं, नुसतं क्षमा कर. आईला अर्थ सांगितला तर ती बराच वेळ त्या भिंतीसमोरून हललीच नाही.

मी इथे आले होते ते 'कोव्हेंट्री कॅरल'साठी. ख्रिसमसचं गाणं म्हणून ते सगळीकडे गातात, पण ते आनंदाचं गाणं नाहीच. हेरोद राजाने बेथलेहेममधल्या लहान मुलग्यांना मारायचा हुकूम दिला, शिपाई येतायत, आणि तीन आया आपापल्या बाळाला शेवटचं निजवतायत, ते अंगाईगीत आहे हे. मध्ययुगात कोव्हेंट्रीत एकेका धंद्याचा संघ गाड्यावर रंगमंच बांधून गावातून बायबलमधले प्रसंग सादर करायचा, तेही कॉर्पस ख्रिस्ती नावाच्या उन्हाळ्यातल्या सणाला, म्हणजे मुळात हे डिसेंबरचं गाणंसुद्धा नव्हतं. हा प्रसंग ज्यांच्या वाट्याला होता ते लोक म्हणजे शिंपी आणि कापडाची लव कातरणारे कारागीर.

"शिंपी?" आई म्हणाली. "म्हणजे नामदेवांचीच माणसं की."

तिने ते अगदी सहज म्हटलं, पण पुढचे तीन दिवस तो धागा काही सुटला नाही.

या गाण्याचं वाचणं हीसुद्धा एक गोष्टच आहे. शब्द रॉबर्ट क्रू याने १५३४ मध्ये लिहून काढलेल्या प्रतीतले आणि सुरावट १५९१ ची. ती मूळ प्रत पुढे बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात गेली आणि १८७९ च्या आगीत जळून खाक झाली. आज आपण हे गाणं गाऊ शकतो ते फक्त थॉमस शार्प नावाच्या स्थानिक अभ्यासकामुळे, त्याने आगीच्या कितीतरी आधी, १८१७ आणि १८२५ मध्ये, ते छापून ठेवलं होतं. त्याने तेव्हा कंटाळा केला असता तर? आणि मग १९४० च्या ख्रिसमसला, बॉम्ब पडून सहा आठवडेही झाले नव्हते, या उघड्या भिंतींमधून बीबीसीने प्रार्थना प्रसारित केली आणि त्यात हेच गाणं गायलं गेलं. मुलं गमावलेल्या आयांचं गाणं, त्या गावात, त्या वर्षी.

शेजारचं नवीन कॅथीड्रल १९६२ चं, आत गेलो तर योगायोगाने गायकवृंदाचा सराव चालू होता. त्यांनी हे गाणं घेतलं तेव्हा मी आईचा हात धरला. मुलांचे आणि पुरुषांचे आवाज, वाद्य काही नाही. पूर्ण कडवं कोमल गंधारावर हेलकावत राहतं आणि अगदी शेवटच्या सुरावर अचानक शुद्ध गंधार लागतो. एवढंच. एक श्रुती-दोन श्रुतींचा फरक, पण अंधाऱ्या खोलीत कोणी पणती आणून ठेवावी असं होतं. आईने डोळे मिटलेले होते, त्या जागेवर तिची मान बरोबर हलली, म्हणाली, "इथे शुद्ध का केला?" त्या काळी अशी पद्धत होती हे मला माहीत होतं, कोमल सुरावटीचा शेवट शुद्ध गंधाराने करायचा, पण त्या गाण्यात तो सूर काय करतो हे पद्धत सांगून कळत नाही. दर कडव्याला तो येतो आणि दर वेळी पुढचं कडवं त्याला परत कोमल करतं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: पडक्या कॅथीड्रलमध्ये उघड्यावर बराच वेळ जातो, फरशी ओली असली की घसरते, चांगले बूट घाला. आत दुपारनंतर गेलात तर सराव किंवा प्रार्थनेतलं गायन कानावर पडायची शक्यता जास्त. फक्त सरावाच्या वेळी खुर्च्या सरकवू नका, आवाज फार घुमतो.

दिवस दुसरा, शनिवार : शेफील्ड

बर्मिंगहॅमला गाडी बदलायची होती, ती रद्द झाली, दीड तास गेला, असो. शेफील्डला उतरलो तर शहर म्हणजे नुसते चढउतार. पोलादाचं गाव, सुऱ्या-काट्यांचं गाव, आणि माणसं बोलायला एकदम मोकळी. लॉजवाल्या बाईंनी दार उघडताच आईला "ए अप, लव्ह" केलं. आई माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, इथे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात, वारीत कसं अनोळखी बाईलाही माउली म्हणतात तसं. मग ती खूश.

दुपारी जेवायला पाय, म्हणजे कणकेच्या जाड पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ, आईसाठी चीज आणि कांद्याचा, सोबत शिजवून घोटलेले हिरवे वाटाणे. आणि टेबलावर केशरी लेबलची बाटली, हेंडरसन्स रेलिश. हा काळा पातळ सॉस शेफील्डमध्येच बनतो आणि तिथली माणसं तो सगळ्यावर ओततात. आईने थेंबभर बोटावर घेतला आणि म्हणाली, "चिंच आहे यात." बाटली फिरवून वाचलं तर खरंच चिंच! लवंगसुद्धा. शाकाहारी लोकांसाठी ही महत्त्वाची टीप: दिसायला तो वूस्टर सॉससारखा आहे पण यात मासे नसतात, बिनधास्त घ्या.

बाहेर पाऊस वाढला म्हणून संध्याकाळ लॉजवरच काढली आणि आईला दुसऱ्या दिवसाची पार्श्वभूमी सांगितली. ती इथेही सांगते, कारण त्याशिवाय पबमध्ये ख्रिस्ताची गाणी का हा प्रश्न सुटत नाही.

कॅरल हा शब्दच मुळात फेर धरून नाचायच्या गाण्याचा. एकाने कडवं म्हणायचं, सगळ्यांनी धृपद उचलायचं. (आई: "भोंडला.") अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला इंग्लंडच्या खेड्यातल्या चर्चमध्ये ऑर्गन क्वचितच असायचा. मागच्या बाजूला लाकडी सज्जा, त्यात गावातलेच गाणारे आणि फिडल, चेलो, बॅसून (लांब लाकडी फुंकवाद्य) असली वाद्यं वाजवणारे. चाली त्यांच्याच किंवा शेजारच्या गावातल्या कोणीतरी बांधलेल्या, खणखणीत, एकमेकांचा पाठलाग करणाऱ्या आवाजांच्या. मग एकोणिसाव्या शतकात चर्चची शिस्त आणि अभिरुची सुधारायची लाट आली, सज्जे पाडले, ऑर्गन आणले, १८६१ मध्ये छापील प्रमाण स्तोत्रसंग्रह आला, आणि ही गावरान गाणी देवळात बसेनाशी झाली. बऱ्याच ठिकाणी ती तिथेच संपली. शेफील्डच्या वायव्येकडच्या खेड्यांमध्ये मात्र लोकांनी ती उचलली आणि पबमध्ये नेली. तिथे कोणी सुधारायला आलं नाही. इयन रसेल या संशोधकांनी १९६९ च्या सुमारास ती गोळा करायला सुरुवात केली आणि पुढे सगळं आयुष्य त्यात घातलं, आज यातल्या बऱ्याच गाण्यांची स्वरलिपी मिळते ती त्यांच्यामुळे.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हाकलल्यावर त्यांनी चाली बदलल्या नाहीत?"

नाही बदलल्या.

दिवस तिसरा, रविवार : डंगवर्थ

हाच तो दिवस. पाऊस गेलेला, ऊन नाही पण हवा कोरडी आणि बोचरी. निळ्या ट्रामने शेवटच्या स्टॉपला उतरायचं, स्टॉपचं नाव मालिन ब्रिज. मी पाटीखाली आईला उभं करून फोटो काढला, कारण या नावाची एक कॅरल आहे. या गाण्यांचं हेच मला फार आवडतं, चालींना गावांची, गल्ल्यांची, घरांची नावं असतात. स्पाउट कॉटेज. बॅक लेन. स्टॅनिंग्टन, ही तर विसाव्या शतकात तिथल्याच मिना डायसन या ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी रचली, म्हणजे परंपरा शंभर वर्षांपूर्वी कुलूप लावून ठेवलेली नाही. याच मालिन ब्रिजला ११ मार्च १८६४ च्या रात्री वरचं डेल डाइक धरण फुटून पुराचा लोंढा आला होता, खोऱ्यात २४० च्या वर माणसं गेली. आता तिथे नदी पुलाखालून शांत वाहते.

तिथून बसने वर. दगडी कुंपणाच्या भिंती, मेंढ्या, खाली जलाशयाचं पाणी पत्र्यासारखं करडं. डंगवर्थ म्हणजे छोटंसं खेडं. गाणं दुपारी बाराला सुरू होतं, आम्ही पावणेअकराला पोचलो आणि तरी बसायची जागा जेमतेम मिळाली, तीही एका काकांनी आईकडे बघून स्वतःची खुर्ची दिली म्हणून. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्यभर मेंढ्या आणि गाई राखलेल्या, आता शेती मुलाकडे. नाव लिहीत नाही. टोपी काढून त्यांनी हीटरवर वाळत घातली, आईला "कुठून आलात, लव्ह?" विचारलं, आणि भारतातून फक्त गायला आलात हे कळल्यावर त्यांनी मागे वळून बारवाल्याला ते मोठ्याने सांगितलं. मग दहा मिनिटं कोण कोण येऊन हात मिळवून जात होतं.

बाराला कोणी काही जाहीर केलं नाही. कोपऱ्यातल्या ऑर्गनवर एक ओळ वाजली आणि पूर्ण खोली एकदम उभी राहिल्यासारखी गायला लागली. मला वाटलं होतं तयार आहे, बारा वर्षं ऐकत होते. पण रेकॉर्डिंगमध्ये फरशी थरथरत नाही. तिथे थरथरते. समोरच्या पन्नास-साठ जणांच्या, दारातून बाहेर उभ्या असलेल्यांच्या, बारमागे ग्लास पुसणाऱ्या पोराच्या, सगळ्यांच्या छातीतून एकच गोष्ट बाहेर पडतेय, आणि बहुतेकांच्या हातात कागदच नाही. पुस्तिका आमच्यासारख्या बाहेरच्यांकडे. पुरुष खालचा सूर धरतात, बायका वरची चाल, आणि मधले आवाज ज्याला जो सापडेल तो, पण प्रत्येकाला बरोबर सापडतो कारण लहानपणापासून कुणाच्या तरी बाजूला उभं राहून तो ऐकलेला असतो.

'मेंढपाळ रात्री राखण करत होते' अशा अर्थाचं एक जुनं स्तोत्र आहे, शब्द नेहम टेट यांचे, १७०० सालचे. इंग्लंडच्या चर्चमध्ये गायला मान्यता असलेलं ते कितीतरी वर्षं एकमेव ख्रिसमस स्तोत्र होतं. एकच मान्य गाणं म्हटल्यावर गावोगावच्या लोकांनी काय केलं असेल, त्याला आपापल्या चाली लावल्या. त्या दुपारी दोन तासांत ते आम्ही चार वेगवेगळ्या चालींवर गायलं आणि एकदाही तेच गाणं वाटलं नाही. एकाला घंटांचं धृपद जोडलेलं, एक संथ, एक नुसतं पळणारं. आईला हे कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. एका अभंगाला तिच्या मंडळात पाच चाली आहेत आणि कुठली सकाळची नि कुठली दिंडीची हे ती झोपेतही सांगेल.

त्यातली 'ओल्ड फॉस्टर' ही चाल इथल्याच हाय ग्रीनच्या जॉन फॉस्टर यांची. या चालीत शेवटच्या ओळीला आवाज वेगळे होतात, एक सुरू करतो, दुसरा मागून येतो, मग तिसरा, आणि शेवटी सगळे एका जागी येऊन आदळतात. काकांचा उजवा तळहात टेबलावर होता. बोटातली अंगठी जरा सैल झालेली, आणि खालचा आवाज जिथे आत शिरतो तिथे बरोबर ती लाकडावर टक् वाजायची. आईने ते हेरलं. दुसऱ्या कडव्याला त्या टक् बरोबर ती त्यांच्या मागोमाग आत शिरली, शब्द येत नव्हते, नुसता आकार. काकांनी मान वळवली नाही, गाणं थांबवलं नाही, फक्त तळहात तिला दिसेल असा टेबलाच्या कडेला सरकवला. पुढचा तासभर आई त्या अंगठीवर गायली.

मध्ये एक गाणं आलं त्यात ख्रिसमसचा उल्लेखच नाही, 'हेल स्माइलिंग मॉर्न', रेजिनाल्ड स्पॉफर्थ यांचं १८१० चं. पहाट झाली, डोंगरमाथे उजळले, अंधार पळाला, असं सगळं. मी अर्थ सांगितला तर आई लगेच, "ही भूपाळी झाली." मी काकांना भूपाळी म्हणजे काय ते सांगितलं, पहाटे देवाला जागं करायचं गाणं, तर ते म्हणाले, "मग इथेही तेच आहे, फक्त आम्ही दुपारी उठवतो."

मध्यंतरात खायला ब्रेडकेक, म्हणजे आपला मोठा बनपाव. बाकीच्यांसाठी गरम पोर्कचे, आईसाठी चीज-कांदा. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी पिशवीतून एक वही काढून दाखवली, त्यांच्या वडिलांनी हाताने लिहिलेली स्वरलिपी, शाई तपकिरी झालेली, प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोटाचा काळा डाग, पान उलटून उलटून पडलेला. काही पानांवर पेन्सिलने बाण होते. ते कसले विचारलं तर म्हणाल्या, "श्वास. इथे घ्यायचा नाही म्हणून." माझ्याकडे पुस्तकं, रेकॉर्डिंगं सगळं आहे, पण त्या पेन्सिलच्या बाणांसमोर काय बोलावं सुचेना. मी फोटो मागितला नाही.

त्यांनीच सांगितलेली आणखी एक गोष्ट. मेंढपाळांच्या त्या स्तोत्राची 'क्रॅनब्रुक' नावाची एक चाल आहे, थॉमस क्लार्क यांची, १८०५ मध्ये छापलेली. क्लार्क कँटरबरीचे चांभार. पुढे यॉर्कशरच्या लोकांनी त्याच चालीवर एक मजेशीर बोलीतलं गाणं रचलं, ते इतकं गाजलं की आता मूळ स्तोत्र त्या चालीवर म्हटलं तर बाहेरच्यांना वाटतं चेष्टा चाललीय. आई मला म्हणाली, "शिंपी झाले, चांभार झाला." मी म्हटलं थांब, उद्या अजून एक आहे.

जायचं असेल तर हे लक्षात ठेवा. हंगाम ११ नोव्हेंबरनंतरच्या रविवारी सुरू होतो आणि २६ डिसेंबरपर्यंत, काही ठिकाणी थोडा पुढेही. गर्दी टाळायची तर नोव्हेंबर बरा. वरल, स्टॅनिंग्टन आणि आसपासच्या बऱ्याच गावांत आपापल्या दिवशी गाणं असतं, वेळा दरवर्षी त्या त्या पबकडून खात्री करून घ्या. तिकीट वगैरे नसतं, पण काहीतरी खा-प्या, त्यांचा धंदा आहे तो, लिंबूपाणी घेतलं तरी कोणी वाकडं बघत नाही. ठरलेल्या गाणाऱ्यांच्या नेहमीच्या जागा असतात, आधी विचारून बसा. फोन लोकांच्या तोंडासमोर धरू नका. आणि रविवारी परतीची बस कमी असते, चारच्या सुमारास अंधारायला लागतं, वेळापत्रक आधी बघा. जायला जमणार नसेल त्यांनी केट रस्बी यांचा २००८ चा 'स्वीट बेल्स' हा अल्बम ऐकावा, त्या याच भागातल्या, गाणी हीच, फक्त मांडणी शांत.

निघताना काकांनी हीटरवरची टोपी उचलली, ती गरम झालेली, आणि क्षणभर आईच्या दोन्ही हातांवर ठेवली. तिचे हात गार पडले होते ते त्यांनी बघितलं असावं.

दिवस चौथा, सोमवार : कॅसलटन

शेफील्डहून २७२ नंबरची बस. हॅदरसेजच्या आधी रस्ता एका वळणावर एकदम उघडतो आणि पूर्ण होप व्हॅली खाली दिसते, त्या जागेला नावच सरप्राइज व्ह्यू आहे. त्या दिवशी खाली धुकं भरलं होतं आणि टेकड्यांचे फक्त माथे वर. बसमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्या मोकळ्या ठेवा, सांगता येत नाही कुठून काय दिसेल.

कॅसलटन हे डर्बीशरमधलं गुहांचं गाव. पीक कॅव्हर्नच्या अजस्र तोंडात, आतमध्ये, शेकडो वर्षं दोरखंड वळणारे लोक घरं बांधून राहायचे. डिसेंबरात त्या गुहेत ब्रास बँडसोबत कॅरल्सचे कार्यक्रम होतात, आम्हाला तिकिटं मिळाली नाहीत, फार आधी संपतात, तेव्हा महिनोन् महिने आधी बघा. दुकानांच्या वरच्या बाजूला भिंतीतून तिरकी बसवलेली छोटी ख्रिसमसची झाडं, दिवसाही दिवे लावलेले, कारण दिवस असा नव्हताच.

मी इथे एका गाण्यासाठी आले होते. १९०८ मध्ये संगीतकार राल्फ वॉन विल्यम्स या गावात आले आणि हॉल आडनावाच्या एका गावकऱ्याकडून त्यांनी 'डाउन इन यॉन फॉरेस्ट' हे कॅरल उतरवून घेतलं. पुढे १९२८ च्या ऑक्सफर्डच्या कॅरलसंग्रहात ते आलं. माझ्या माहितीतलं हे सगळ्यात गूढ ख्रिसमस गाणं. अरण्यात एक महाल, महालात एक पलंग, लाल कापडाने झाकलेला, पलंगाखालून वाहतो एक प्रवाह, अर्धा पाण्याचा आणि अर्धा रक्ताचा. पायथ्याशी काटेरी झाड, त्याला तो जन्मला तेव्हापासून फुलं. आणि प्रत्येक कडव्यात स्वर्गातल्या घंटा. बाळ, गोठा, तारा, काही काही नाही. याचंच एक जुनं रूप सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका वहीत सापडतं, त्यात तो पलंग आहे, त्यावर जखमी योद्धा आहे, आणि शेजारी रडणारी कुमारिका. म्हणजे चारशे वर्षं हे गाणं लोकांच्या तोंडून तोंडून चालत या डोंगरातल्या गावात पोचलं. वही लिहिणारा रिचर्ड हिल, लंडनचा. धंदा किराणामालाचा.

"वाणी," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "तुकोबांसारखा."

मला वाटलं होतं गावात कुठेतरी या गाण्याची खूण असेल. दोन दुकानांत विचारलं, नाही. चर्चमध्ये कोणी नव्हतं. थंडी हाडात शिरायला लागली म्हणून एका चहाच्या दुकानात बसलो, सोमवार असल्यामुळे आम्ही दोघीच. स्कोन, चहा, काचेवर वाफ. वाढणारी मुलगी विशी-बाविशीची, मँचेस्टरहून इथे कामाला. तिलाही विचारलं, गाणं माहीत आहे का. तिने कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "कसं आहे ते?"

मला चारचौघांत एकटीने गायची सवय नाही. पण कालच्या दुपारनंतर असं कोणी विचारल्यावर नाही म्हणणं चुकीचं वाटलं. पहिलं कडवं म्हटलं. घंटांच्या ओळीला आई आली, चाल तिला माझ्याकडून ऐकून ऐकून पाठ झालीय, शब्दांच्या जागी तिचा तो आकारच. दुसऱ्या कडव्याला मुलीने कपबशा ठेवायचं थांबवलं. पाण्याच्या आणि रक्ताच्या ओळीला ती "काय?" म्हणाली, जोरात, आणि मग लगेच "सॉरी, म्हणा म्हणा". पूर्ण झाल्यावर विचारलं, हे इथलं आहे? या गावातलं? मी म्हटलं हो, इथे कोणीतरी गात होतं म्हणून ते लिहिलं गेलं.

तिने परत म्हणायला सांगितलं. या वेळी ऑर्डर घ्यायच्या वहीवर ती शब्द उतरवत होती, घाईघाईत, दोन स्कोन आणि चहाच्या खाली. घंटांची ओळ तिसऱ्यांदा आली तेव्हा तीही आमच्यात होती, जरा वरच्या सुरात, पण होती.

बस चार दहाची. बाहेर अंधारून आलेलं. पैसे देताना तिने ते पान फाडून गल्ल्यामागे पिनेने टोचलं, आणि आम्ही दारात असताना मागून विचारलं, "त्या झाडाला काय लागलेलं असतं म्हणालात, फुलं ना?"

"फुलं," मी म्हटलं. वळणावर बसचे दिवे दिसायला लागले होते.